होडी कोणी बांधली

सातपाटी
२४ नोव्हेंबर २०२४

मेहुल,

मुडद्या, फोन कशाला घेतला होतास रे? बंद करून खिशात ठेवायला? रोज लावते, रोज ती बाई सांगते बंद हाय. तिच्या आवाजाची चीड यायला लागलीय मला. म्हणून हे पत्र. सातवी शिकलेल्या आईचं अक्षर हाय, हसलास तर इथून पायताण फेकीन. ज्ञानेशचा टेम्पो मासळी घेऊन वेरावळला जातो, त्याच्याकडे देते. तूच सांगून गेलास ना, बंदरावर कुणालाही विचारा, सातपाटीचा मेहुल म्हटलं की दाखवतील.

बाबा चिडलेत. तू गेलास म्हणून नाय, होडीवरून चिडलेत. निघताना होडी नेली होतीस ना? आमाला काय कळत नाय? दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खाडीवर गेले तर होडी आपल्या जागेवर नाय. पार पलीकडे, जेटीच्या कडेला. आणि दोरी बांधलेली कशी, तर गोणीचं तोंड आवळतात तशी. बाबा म्हणाले, "हा तांडेलाचा पोर? ही गाठ हाय का भाजीवाल्याचं गाठोडं?" भरतीला सुटून गेली असती म्हणजे? बोटीचा वास सोसत नाय म्हणून बोईसरला पळालास, आणि आता वेरावळला जाऊन लोकांच्या बोटीवर काम करणार. कर बाबा. पण निदान होडी तरी नीट बांधायची.

त्या दिवशी आलास तेव्हा मला काय बोलूच दिलं नायस. चपला सुद्धा काढल्या नायत. सरळ माठाशी गेलास आणि उभ्यानं पाणी प्यायलास, ग्लासावर ग्लास. मी म्हटलं, बस, ओल्या बोंबलाचं कालवण केलंय. तू म्हणालास, "भूक नाय आई, तहान लागलीय." ग्लास माठाच्या डावीकडे ठेवलास, डावखुऱ्या, वेरावळला बोटीवर चाललो म्हणालास आणि गेलास. बाहेर दर्पणची पांढरी गाडी उभी होती. त्यानं मला हात केला. मी केला नाय.

बोईसरच्या बाजारात सगळीकडे त्याच दिवसाचं चाललंय. कुंभवलीच्या नाक्यावर, चहाच्या टपरीवर, दोघे मोटारसायकलवरून आले आणि भंगाराच्या ठेकेदारावर गोळ्या झाडल्या. ठेकेदार खाली वाकला म्हणून वाचला. त्याच्या मागे उभा होता तो गेला. जिवल्या. आपल्या तानीचा नवरा. तानी तुला ठाऊक हाय, डोंगराकडची, माझ्याकडून सुकट घेते आणि मूठभर जास्त घातल्याशिवाय हलत नाय. तो कंपनीत लाकडी खोकी ठोकायचा. चहा प्यायला उभा होता बिचारा, ना कुणाच्या घेण्यात ना देण्यात. बोईसरात आधी मारामारी झाली तर काठ्या निघायच्या, फार तर कोयता. आता मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या कमरेला लोखंड हाय. परवा कुणाच्या तरी वरातीत फटाका फुटला, तर आमी बाया पाट्या टाकून खाली बसलो.

तू त्या दिवशी कुठे होतास असं मी विचारत नाय. तू दर्पणकडे भंगाराच्याच कामाला होतास, म्हणून आठवण झाली. इतकंच.

जेवत जा.

आई


सातपाटी
३ डिसेंबर २०२४

मेहुल,

तुझं उत्तर आलं नाय. ज्ञानेश म्हणतो, बंदरावरच्या पानवाल्याकडे पत्र ठेवलंय, पोरगं येऊन घेऊन जाईल. घेतलंस का?

आता हे नीट वाच. वाचून झालं की जाळ.

परवाच्या अमावस्येला उधाण होतं. बाबा डोलीचं जाळं लावायला गेले, आपल्या दर्यातल्या खुंटावर. देवळाचा कळस आणि मोठ्या माडाचं टोक एका रेषेत आलं की ती जागा. तुझ्या आज्यापासून ती आपली. तुला दर्यात दुसरी कुठलीच जागा ठाऊक नाय, झोपेत सोडला तरी तिथंच जाशील. तर खुंटाची दोरी ओढायला गेले आणि दोरी जड लागली. वर आलं ते बोचकं. आपल्याच जुन्या डोलीचा तुकडा, त्यात दगड, आणि दगडाच्या पोटाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. जाळं खुंटाच्या दोरीला घट्ट धरून बसलेलं.

अरे शहाण्या, बुडवायचं होतं तर जाळ्यात कशाला बांधलंस? जाळं कदी सोडतं का? त्याचं कामच धरायचं. गोणपाटात बांधलं असतंस तर एव्हाना गाळात गेलं असतं आणि तुझी आई रात्रीची झोपली असती. जाळ्यात जन्मलास आणि एवढं डोक्यात आलं नाय!

बाबांनी ते उघडलं नाय. वरून हात फिरवला, आकार हाताला लागला, आणि हात असा मागे घेतला की मला वाटलं विंचू चावला. पण मी गाठ बघितली. उलटी गाठ. सातपाटीत जाळं उलट्या गाठीनं बांधणारा एकच हाय. सुई उजव्या हातात धर म्हणून बाबांनी तुला किती मारलं होतं, आणि मी मध्ये पडले होते. म्हटलं होतं, "राहू द्या, उलटी तर उलटी, सुटत तर नाय ना."

बाबा ते परत टाकायला घेऊन गेले आणि तसेच परत घेऊन आले. म्हणाले, "दर्यानं एकदा घेतलं नाय ते त्याला दोनदा द्यायचं नाय."  बोचकं मिठाच्या पिंपात खाली घातलंय.

एकच विचारते, बाकी काय नको. गोळी तू मारलीस का? हो म्हण नाय तर नाय म्हण. तुझ्या तोंडून ऐकेपर्यंत मी कुणाला काय सांगणार नाय. पण ऐकायचं हाय मला, मेहुल. तानी रोज माझ्यासमोर येते.

आई


सातपाटी
१९ डिसेंबर २०२४

मेहुल,

इथं काहीतरी झालंय. बाबांना सांगितलं तर म्हणतात तुझं डोकं फिरलंय. म्हणून तुला सांगते.

दिवे लागले की मी माठ काठोकाठ भरते. झाकण घालते. वर ग्लास उपडा ठेवते. सकाळी उठून बघते तर पाणी पार खाली गेलेलं, आणि ग्लास उताणा, माठाच्या बाजूला. आधी वाटलं बाबा पितात. ते म्हणाले, मी नाय. मग वाटलं माठ झिरपतो. खाली परात ठेवली. परात सकाळी कोरडी ठणठणीत, माठ अर्धा. नवा माठ आणला, तेच. 

आणि कावळे. तुला आठवतं, लहानपणी तुला मी काठी देऊन वलांडीखाली बसवायची कावळे हाकायला? वलांडीच्या बांबूवर बोंबील टांगले की सगळ्या सातपाटीचे कावळे आपल्या अंगणात. आता एक येत नाय. शेजारच्या वलांडीवर बसतात, ओरडतात, भांडतात, आणि आपल्या अंगणाकडे पाठ करून बसतात. मी मुद्दाम बोंबील खाली टाकून बघितला. मांजर आली, वास घेतला आणि उलट्या पावली गेली. बाया म्हणतात, वत्सला, तुझं बरं हाय गं, राखण नको. त्यांना काय सांगू?

मला वाटतं तो जिवल्या हाय. ज्या लोखंडानं त्याला मारलं ते आपल्या घरात मिठात पुरलंय, मग तो येणार नाय तर काय. चहा हातात असताना गेला रे. घोट सुद्धा घेतला नव्हता म्हणतात. तहान राहिली असेल.

दर्पण बाजारात आला होता. माझ्यासमोर उभा राहून सुरमई घेतली, भाव सुद्धा केला नाय. हातात दोन अंगठ्या. म्हणाला, "मावशी, टेन्शन नका घेऊ. मेहुल मजेत आहे. दर्यावरच आहे तुमचा पोरगा." मी म्हटलं, "मग फोन का करत नाय?" तर हसला. म्हणाला, "तिथे रेंज नसते ना." खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. कुणीतरी तुझं नाव तरी घेतलं. घरी येऊन बाबांना सांगितलं, बघा, मजेत हाय. बाबा जाळ्याची सुई हातात घेऊन बसले होते, मान वर केली नाय.

उत्तर लिही मुडद्या. एक ओळ.

आई


सातपाटी
६ जानेवारी २०२५

मेहुल,

तानी गावाला जाऊन आली. भगताकडे गेली होती, नवऱ्याचं विचारायला. कोंबडी दिली, दारू दिली. भगतानं सुपात तांदूळ टाकले आणि बराच वेळ बघत बसला. मग काय म्हणाला ते तिच्याच शब्दांत सांगते, बाजारात माझ्या पाटीशेजारी उकिडवी बसून रागानं सांगत होती.

"मावशे, तो म्हनं तुजा मानूस निवांत हाय. गेला तो गेला, त्याला काय नको. पन पान्यात एक जन तहानलेला हाय, तो रडतो. मी म्हटला, पान्यात कसा? माजा मानूस टपरीवर मेला, जमिनीवर. आनि पान्यात असून तहानला कसा? तर म्हनं, मला काय म्हाईत, तांदूळ सांगतात. म्हातारा पिऊन बसला होता. माजी कोंबडी फुकट गेली."

मी तिला विचारलं, "तुझ्या घरी माठातलं पाणी कमी होतं का गं?" तर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, "नाय. का?" मी म्हटलं, "काय नाय, सहज."

म्हणजे जिवल्या तिच्या घरी पाणी पीत नाय, माझ्या घरी पितो. बरोबरच हाय. लोखंड माझ्या घरात हाय.

तानी हसत नाय आता. सुकट घेते आणि मी मूठभर जास्त घातली तर परत काढून ठेवते. म्हणते, आता खानारा एक कमी हाय. तेव्हा मला तुझा इतका राग येतो, की तू समोर असतास तर थोबाड फोडलं असतं. आणि लगेच वाटतं, समोर अस तरी.

आई


सातपाटी
१५ जानेवारी २०२५

मेहुल,

मी तानीला सांगितलं.

सांगणार नव्हते. पण काल संक्रांतीला ती इथं आली, पहिल्यांदाच. तिच्या कामाला सुट्टी होती. सुके बोंबील न्यायचे होते, नवऱ्याचे दिवस घालायला गावी सगळ्यांना जेवण हाय म्हणाली. अंगणात शिरली आणि म्हणाली, "तुजे इथं कावले नाय मावशे?"  आत आली, माठाशी गेली, स्वतःच्या हातानं पाणी घेतलं आणि प्यायली. माठ सकाळपासून अर्धाच होता. तिनं त्या माठातलं पाणी घशाखाली घातलं. माझ्या तोंडातून सगळं आलं. बोचकं, गाठ, तू, दर्पण, सगळं.

मला वाटलं ती झिंज्या धरेल. धरायला हव्या होत्या. ती भिंतीला टेकून बसली, ग्लास हातात तसाच. म्हणाली, "तुज्या पोरानं मारला?"

मी म्हटलं, "ठाऊक नाय. बोचकं त्यानं बांधलंय. मारलं कुणी ते ठाऊक नाय."

"कवा इचारशील?"

"विचारतेय. पत्रं लिहितेय. उत्तर येत नाय."

बाबा दारात होते, ऐकत होते. ते म्हणाले, "बाय, आमी ते पोलिसात देऊ. उद्याच देतो." इतक्या दिवसांत पहिल्यांदा एवढं बोलले.

तर तानी काय म्हणाली ऐक. म्हणाली, "नको उद्या. तुज्या पोराला बोलीव. त्याला देऊ दे त्याच्या हातानं. मला त्याच्या तोंडून आयकायचा हाय, माजे मानसाला का मारला. पोलीस मला काय सांगनार? मला टेबलावर अंगठा लावायला सांगतील." मग बोंबलाची पिशवी उचलली. दारातून वळून म्हणाली, "येत्या अवसेपर्यंत थांबते. मग मीच जाईन."

मेहुल, ती बाई तुला मुदत देऊन गेली. मी तिच्या जागी असते तर दिली नसती. अमावस्येच्या आत ये. मारली असशील तर मारली म्हण, मी तुझ्या बाजूला उभी राहीन, तुरुंगात डबा आणीन, म्हातारी होईपर्यंत आणीन. नसशील मारली तर मग भीती कशाची? पण ये. वेरावळ काय परदेश हाय? ज्ञानेशच्या टेम्पोत बस आणि ये.

आई


सातपाटी
३० जानेवारी २०२५

मेहुल,

आला नायस.

आज आमी गेलो. बाबा, मी आणि तानी. बोचकं मी पाटीत घेतलं, वर ओलं फडकं घातलं, जशी मासळी नेते तशी नेली. रिक्षात तानी माझ्या शेजारी बसली होती. वळणावर पाटी घसरली तेव्हा तिनं पण हात लावून धरली.

ठाण्यातला साहेब तरुण होता. सुरी घेतली जाळं कापायला. मी म्हटलं, "गाठ कापू नका, बाजूनं कापा." त्यानं विचारलं का. तेव्हा बाबांनी सांगितलं. उभे राहिले आणि म्हणाले, "ही गाठ माझ्या पोराची हाय. मी महादू तांडेल, सातपाटी." लोखंड निघालं, छोटंसं, काळं, मीठ लागलेलं. एवढ्याशा वस्तूनं धिप्पाड माणूस जातो. तानीनं बघितलं नाय. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

तू कुठे हायस विचारलं. आमी वेरावळ सांगितलं. तिकडच्या पोलिसांना फोन लावला त्यांनी. दर्पणला पण उचलणार म्हणतात.

मला वाटलं होतं घरी येऊन हलकं वाटेल. निदान तो बिचारा जिवल्या तरी सुटला. संध्याकाळी माठ भरताना हात जोडले, म्हटलं, जा बाबा आता, तुझं लोखंड गेलं इथून.

रागावू नको माझ्यावर. आणि रागावायचंच असेल तर घरी येऊन रागाव.

आई


सातपाटी
११ फेब्रुवारी २०२५

मेहुल,

हे पत्र ज्ञानेशकडे देणार नाय.

ज्ञानेश काल आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. पिशवीतून माझी सगळी पत्रं काढली. एकही फोडलेलं नाय. पानवाल्यानं परत दिली. वेरावळचे पोलीस बंदरावर फिरून गेले, बोटी बघितल्या, तांडेलांना विचारलं. असा पोर इकडे कदी आलाच नाय म्हणतात. ना दिवाळीनंतर, ना कदीच.

पोलीस पण घरी येऊन गेले. दर्पण सापडला, गुजरातच्या हद्दीवर. तो सांगतो, गोळी मेहुलनं मारली, मी नुसता मोटारसायकल चालवत होतो. मेहुल कुठे विचारलं तर म्हणतो, पळाला असेल. सगळं तुझ्या माथी मारून मोकळा झाला. आता त्याला खोटा पाडायला येणार कोण?

माठातलं पाणी कमी व्हायचं थांबलं नाय, मेहुल. लोखंड गेलं त्या सकाळी सुद्धा माठ अर्धा होता. मी तानीला विचारलं, जिवल्या डावखुरा होता का? ती म्हणाली, नाय, हातोडी उजव्यातच धरायचा. का इचारतेस? मग हातातली सुकट तिनं खाली ठेवली. मला वाटतं तिला पण कळलं.

ग्लास रोज डावीकडे असतो. पहिल्या दिवसापासून डावीकडेच होता. मी बघत होते आणि बघत नव्हते.

पण मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं ते होडीवरून. ज्ञानेश गेल्यावर बाबा उठले, खाडीवर गेले, होडीजवळ उभे राहिले. मी मागोमाग गेले. बाबा म्हणाले, "वत्सला, बोचकं त्यानं बांधलं. होडी त्यानं बांधली नव्हती." एवढं बोलले आणि वाळूत बसले. तुझे बाबा, जे त्यांची आई गेली तेव्हा रडले नाय, ते लहान पोरासारखे रडले.

गोणीची गाठ. होडी घेऊन गेलास तू, वाट तूच दाखवलीस, दुसऱ्या कुणाला तो खुंट सापडला नसता. परत आणली भलत्यानंच. ज्याला दोरी बांधता येत नाय त्यानं. आणि मी आई, मी तुलाच शिव्या दिल्या, होडी नीट बांधता येत नाय म्हणून. दर्पणनं तोंडावर सांगितलं होतं, दर्यावरच हाय. मी घरी येऊन आनंदानं सांगितलं. त्या म्हाताऱ्या भगताला आमी दारुडा म्हटलं. पाण्यात असून तहानलेला कसा, असं तानी विचारत होती. आमाला कळायला नको का? दर्यावर जन्म गेला आमचा. दर्याचं पाणी कुणी पितं का?

तुला मुडद्या म्हणायची ना मी. उठता बसता म्हणायची. आता तो शब्द तोंडाशी आला की जीभ चावते.

बाबा रोज खुंटावर जातात. डोल लावत नायत. दोरी वर ओढतात, बघतात, परत सोडतात. पोलिसांनी पाणबुडे आणले होते, काय सापडलं नाय.

मला एकच अजून कळायचं राहिलंय, आणि ते मी तुलाच विचारणार. तानी पण वाट बघते. तू मारलीस का? हे पत्र माठाखाली ठेवते. माठ काठोकाठ भरलाय, झाकण काढून ठेवलंय, ग्लास पण भरून ठेवलाय. मारली नसशील तर पिऊन झाल्यावर ग्लास डावीकडे ठेव, रोजच्यासारखा. मारली असशील तर उजवीकडे. मी तुझी आई हाय. मला काय ते सांग.

आई


सातपाटी
१२ फेब्रुवारी

मेहुल,

माठ भरलेला हाय. ग्लास ठेवला होता तिथंच हाय, भरलेला. पाण्यावर बारीक धूळ बसलीय. वलांडीवर कावळे आलेत, बोंबील ओढतायत, मी हाकलले नाय.

तू प्यायला नायस. आलास, वाचलंस, आणि तहानलेलाच गेलास.

चुकलं माझं. पोर दारात आलं तर आधी पाणी द्यायचं, मग विचारायचं. मी आधी विचारलं. ते पत्र आता चुलीत घातलं, बघ, राख सुद्धा उरली नाय. तानीला मी सांगेन काय सांगायचं ते. तुला नाय विचारणार. आज नाय, उद्या नाय, कदीच नाय.

माठ आत्ताच परत भरलाय, विहिरीचं गोडं पाणी हाय. ये. कुणी काय विचारणार नाय. पाणी पी.

आई